धानाचं फूल आणि ‘मुंबई-पुणे-मुंबई’

येत्या रविवारी आमच्याकडे पाहुणे येणार आहेत. कोणते पाहुणे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. वय अठ्ठावीस, पीएचडीचं चौथं वर्ष आणि घर सिंदेवाहीत, एवढ्यावरून कळतंच. माझं तोंड जरा हसरं व्हावं म्हणून धाकट्या बहिणीने परवा रात्री लॅपटॉपवर ‘मुंबई-पुणे-मुंबई’ लावला.

हा सिनेमा मी सहा-सात वेळा तरी पाहिला असेल. नागपूरला एमएस्सी करताना होस्टेलच्या खोलीत आम्ही पाच जणी एका लॅपटॉपभोवती बसून तो बघायचो आणि अर्धे संवाद सिनेमाच्या आधी म्हणायचो. यावेळी मात्र तो पाहताना मला सारखं धानाचं फूल आठवत राहिलं. का, ते सांगते. त्या निमित्ताने मी दिवसभर बांधीत उभी राहून नेमकं काय करते, हेही तुम्हाला कळेल.

आधी सिनेमा. २०१० सालचा, सतीश राजवाडे यांचा. मुंबईची एक मुलगी पुण्यात एक स्थळ बघायला येते. बघायला म्हणजे खरं तर नकार द्यायला. मोबाइलने साथ सोडलेली, शहर अनोळखी. तिला एक पुणेकर भेटतो. ती पत्ता विचारते, तो सरळ उत्तर देत नाही, आणि तिथून मुंबई मोठी की पुणं शहाणं हा वाद सुरू होतो. ती फटकळ, तो निवांत. तिला घाई, त्याला वेळच वेळ. जवळजवळ सगळा सिनेमा म्हणजे स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांचं चालणं आणि बोलणं. दोन माणसं नुसती बोलताहेत आणि आपण दोन तास हलत नाही, ही साधी गोष्ट नाही. मुक्ता बर्वेचा चेहरा चिडका ते हळवा असा कधी बदलला हे आपल्याला नीट कळतही नाही. या सिनेमावर माझं प्रेम आहे, ते आजही कमी झालेलं नाही.

शेवटी कळतं ते असं: ज्या मुलाला नकार द्यायला ती आली होती, तो हाच.

आता धान. धानाच्या एका लोंबीवर शंभराच्या आसपास फुलं असतात. एकेक फूल सकाळी साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान उघडतं, तासाभरात मिटतं. उघडलेलं फूल पाहिलं तर वाटतं, आता वाऱ्यावर कुठून तरी पराग येईल, कुणाशी तरी गाठ पडेल. पण तसं होत नाही. फूल उघडता उघडताच, कधी त्याच्या क्षणभर आधीच, आतले सहा परागकोष फुटतात आणि पराग त्याच फुलाच्या स्त्रीकेसरावर पडतो. बाहेरून आलेल्या परागाने दाणा धरण्याचं प्रमाण लागवडीच्या धानात एक टक्क्याहूनही कमी असतं. म्हणजे दार उघडं दिसतं, वारा आत जाताना दिसतो, पण जे ठरायचं ते दार उघडण्याआधीच ठरलेलं असतं.

‘मुंबई-पुणे-मुंबई’चं असंच आहे. आपल्याला वाटतं, दोन अनोळखी, अगदी विजोड माणसं योगायोगाने रस्त्यात भेटली आणि प्रेमात पडली. प्रत्यक्षात त्यांची गाठ दोन्ही घरांनी आधीच घालून दिलेली असते. ती ट्रेनमध्ये बसली त्याच्या आधी कुणीतरी फोन केले असतील, फोटो पाहिले असतील, चौकशा केल्या असतील. प्रेक्षकाला त्यातलं काही दाखवलं जात नाही. आपल्याला फक्त उघडलेलं फूल दिसतं.

मग त्या दोघांमध्ये विजोड काय उरतं? शहर आणि स्वभाव. प्रयोगशाळेत आम्ही जसे बाकीचे सगळे घटक स्थिर ठेवतो आणि एकच बदलू देतो, तसं. पैसा, शिक्षण, घरातली भाषा सगळं स्थिर. तिने टोमणा मारावा आणि त्याने तो झेलावा, यासाठी जेवढा फरक लागतो तेवढाच मोकळा सोडलेला. फरक गोड आहे, पण त्याची किंमत कुणालाच मोजावी लागत नाही.

अजून एक गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आली नव्हती. पहिल्या भागात दोघांनाही नाव नाही. गौतम आणि गौरी ही नावं त्यांना २०१५च्या दुसऱ्या भागात मिळतात. होस्टेलमध्ये आम्हाला ते फार रोमँटिक वाटायचं. नाव न विचारता प्रेम! परवा माझी आजी पाच मिनिटं आमच्यासोबत बसली आणि तिने पहिलाच प्रश्न केला, “पोराचं आडनाव काय म्हन्ते?” आम्ही हसलो. पण आजीने नेमकं तेच विचारलं होतं, जे सिनेमाने चतुराईने झाकलं आहे. आमच्याकडे आडनावाशिवाय दोन तास गप्पा होऊच शकत नाहीत. ज्यांची चाळणी वरच्या वर होऊन गेली आहे, त्यांनाच नाव न विचारण्याची चैन परवडते.

आणि एक अडचण आहे, ती मला जास्त टोचली. तो कोण आहे हे त्याला माहीत आहे, तिला नाही. शेवटी तोच तिला सांगतो. म्हणजे तिला वाटतं आपण पोह्यांच्या कार्यक्रमातून सुटलो, आणि असते ती कार्यक्रमातच. पेपर चालू आहे हे एकालाच ठाऊक. सिनेमा हे गंमत म्हणून दाखवतो आणि मीही सहा वेळा हसले. पण रविवार जवळ आला की हसू जरा उशिराच येतं.

इथे मला ‘स्थळ’ आठवतो. जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा सिनेमा आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात घडतो, कलाकारही व्यावसायिक नट नाहीत. २०२३ला टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि २०२५च्या मार्चमध्ये तो थिएटरला आला. नंदिनी चिकटेने साकारलेली सविता शिकते आहे, स्पर्धा परीक्षेची स्वप्नं पाहते आहे, आणि एकामागून एक पाहुणे येताहेत. प्रत्येक वेळी तेच प्रश्न: नाव, शिक्षण, उंची, छंद. तो विनोदी सिनेमा नाही, तरी थिएटरमध्ये आम्ही पहिल्याच प्रसंगाला मोठ्याने हसलो होतो, कारण त्यात बायका बसल्यात आणि मुलाला प्रश्न विचारताहेत. स्वप्न असतं ते. पुण्याच्या त्या गोड दिवसाआधी जे घडलं असेल आणि सिनेमाने वगळलं, ते ‘स्थळ’ सविस्तर दाखवतो. हे दोन सिनेमे पाठोपाठ बघा. मला तर एकाच गोष्टीच्या दोन बाजू वाटल्या.

तुम्ही म्हणाल, मग खरं विजोड जोडपं कोणतं? ‘टाइमपास’ घ्या. रवी जाधव यांचा, २०१४चा. दहावी नापास दगडू आणि लेल्यांची प्राजक्ता. इथे फरक शहराचा नाही, घराचा आहे, आणि म्हणून किंमत लगेच मोजावी लागते. हसवता हसवता पहिला भाग त्या दोघांना वेगळं करूनच संपतो. भेटायला त्यांना २०१५चा दुसरा भाग लागला. मला ‘टाइमपास’मधले काही विनोद पटत नाहीत, पण या एका बाबतीत तो जास्त प्रामाणिक आहे. फरक खरा असेल तर एका दिवसात, गप्पांवर निभावत नाही, हे त्याला माहीत आहे. पुढे ‘सैराट’ने तर तो हिशेब किती भयंकर होऊ शकतो तेच दाखवलं.

माझ्या कामातही विजोड जोड्या असतात. जगातली सर्वांत गाजलेली अशी जोडी म्हणजे इंडोनेशियाचा उंच ‘पेटा’ आणि तैवानचा बुटका ‘डी-जिओ-वू-जेन’. त्यांच्या संकरातून फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ला ‘आयआर-८’ हे वाण दिलं. खत दिलं तरी न लोळणारं, भरपूर पिकणारं. आशियातल्या कितीतरी घरांची ताटं त्याने भरली. गंमत म्हणजे पहिल्या पिढीत सगळी रोपं उंचच निघतात. बुटकेपणा दिसतो तो दुसऱ्या पिढीत, साधारण चारातल्या एका रोपात. त्यामुळे पहिल्याच पिढीकडे पाहून संकर फसला म्हणणारा माणूस चुकतो.

पण असा संकर वाऱ्यावर सोडून होत नाही. दोन्ही वाणं एकाच वेळी फुलावीत म्हणून पेरणी टप्प्याटप्प्याने करावी लागते. आदल्या संध्याकाळी फुलाचा वरचा भाग कात्रीने कापायचा, चिमट्याने सहाच्या सहा परागकोष काढायचे, एकही राहता कामा नये. मग त्या लोंबीवर कागदी पिशवी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग झटकायचा आणि परत पिशवी. दाणा पिकायला पंचवीस-तीस दिवस लागतात, तोवर ते रोप जपायचं. मान दुखते, डोळे दुखतात, आणि एवढं करून शंभरातली कितीतरी फुलं फोलच राहतात.

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर चुकीचा अर्थ निघेल. जातीजातींत धानाच्या वाणांसारखा फरक असतो असं मी अजिबात म्हणत नाही. माणसांमधली भिंत आपण बांधलेली आहे. भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२च्या फेरीत आंतरजातीय लग्नं जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास दिसली, त्यामागे जीवशास्त्र नाही. मी बोलते आहे ते मेहनतीबद्दल आणि त्या कागदी पिशवीबद्दल.

माझ्या एका मैत्रिणीने मागच्या वर्षी घरच्यांच्या मनाविरुद्ध रजिस्टर लग्न केलं. १९५४च्या विशेष विवाह कायद्यानुसार तीस दिवसांची नोटीस लागते आणि ती सगळ्यांना दिसेल अशी लावतात. तीन साक्षीदार लागतात, त्यातली एक मी. ते तीस दिवस ती रोज रात्री फोन करायची आणि आवाज बारीक करून बोलायची. धानाच्या दाण्याला तेवढे दिवस आम्ही पिशवीत जपतो, आणि माणसांना त्याच दिवसांत फलकावर टांगतो. त्या तीस दिवसांवर कुणी हलकाफुलका सिनेमा काढेल का? त्यात विनोदही भरपूर निघतील. साक्षीदार म्हणून सही करताना माझं पेन बंद पडलं होतं आणि नवरदेवाने स्वतःचं दिलं.

तर मुद्दा एवढाच. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ वाईट सिनेमा नाही. ठरवून केलेल्या लग्नातही दोन माणसांना एकमेकांशी बोलायला अख्खा दिवस मिळायला हवा, ही त्याची मागणी मला मनापासून पटते. आमच्याकडे दहा मिनिटं मिळतात, तीही दार उघडं ठेवून. फक्त त्याला विजोड जोडप्याची गोष्ट म्हणू नका. ती छान जमलेल्या स्थळाची गोष्ट आहे, विजोडपणाचा शर्ट घातलेली.

रविवारचं म्हणाल, तर पाहुणे सकाळी दहाला येणार होते. सध्या माझी एक ओळ ऐन फुलोऱ्यात आहे आणि दहाला मी बांधीत हवी. बाबांना सांगितलं, फूल माझ्यासाठी थांबत नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग फोन उचलून म्हणाले, “दुपारी या, पोरगी कामावर असते.” मी अजून मुलाचं काहीच पाहिलेलं नाही. पण फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, त्याने विचारलं की सकाळीच येऊन बांधी पाहता येईल का.

ये म्हणावं. चिखलाचे बूट घालून ये. आणि मी कोण, तू कोण, हे दोघांनाही आधीपासून माहीत असू दे.