ओल भिंतीची, यंत्र हवेचे

गेल्या जानेवारीत विक्रोळीच्या कन्नमवारनगरात राहणाऱ्या एका शिक्षिकेने आमच्यापुढे एक माहितीपुस्तिका आणि एक प्रश्न ठेवला. पुस्तिका ‘डीह्युमिडिफायर’ या यंत्राबरोबर आलेली होती. थंडीत घरात दमटपणा वाढतो, तेव्हा खिडक्या बंद ठेवाव्यात, यंत्र चालू करावे, काटा ५० टक्क्यांवर लावावा, म्हणजे भिंतीवरची ओल आणि बुरशी जाईल, असा तिचा आशय होता. बाईंनी हे सारे केले. यंत्राची टाकी दररोज थोडीफार भरत होती, काटाही ५०च्या आसपास होता; पण भिंतीवरचा डाग मात्र वाढतच होता. ‘यंत्र बिघडलंय का हो?’ असा त्यांचा प्रश्न होता.

यंत्र उत्तम चालत होते. पुस्तिकेतील सल्लाही त्याच्या जागी बरोबर होता. मात्र ती जागा विक्रोळी नव्हती. असा सल्ला हल्ली सर्रास वाचायला मिळतो आणि त्यावर विसंबून लोक काही हजार रुपये खर्च करतात, म्हणून त्याचे थोडे परीक्षण करावे असे आम्हाला वाटले. त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र दहावीच्या ‘उष्णता’ या प्रकरणात आहेच. दवबिंदू, निरपेक्ष आर्द्रता, सापेक्ष आर्द्रता आणि अप्रकट उष्मा एवढ्या चार संकल्पना पुरेशा आहेत.

यंत्र करते काय?

फ्रिजमधून काढलेली पाण्याची बाटली टेबलावर ठेवली की तिला बाहेरून घाम फुटतो. बाटलीलगतची हवा दवबिंदूच्या खाली थंड होते आणि तिच्यातील जास्तीची वाफ पाणी होऊन बाटलीवर बसते. घरगुती डीह्युमिडिफायर हेच काम सतत करतो. पंखा खोलीतील हवा थंड नळ्यांवरून फिरवतो, वाफेचे पाणी होऊन टाकीत पडते, आणि मग तीच हवा गरम नळ्यांवरून पुन्हा खोलीत सोडली जाते. म्हणजे फ्रिजची थंड बाजू आणि गरम बाजू दोन्ही एकाच पेटीत, आणि ती पेटी खोलीतच.

ही कल्पना जुनी आहे. १९०२ साली विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी हवेवर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा आखली. त्यामागचा मुख्य हेतू माणसांना गारवा मिळावा हा नव्हता. दमट हवेत कागद फुगे आणि कोरड्या हवेत आकसे, त्यामुळे एकावर एक छापायचे रंग जुळत नसत. आज आपण ज्याला एअरकंडिशनर म्हणतो त्याचा जन्म हवेतील वाफ काढण्यासाठी झाला, ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी.

लंडनचा हिवाळा आणि विक्रोळीचा हिवाळा

आता पुस्तिकेतील ‘हिवाळ्यातील दमटपणा’ पाहू. लंडनमध्ये जानेवारीत बाहेर ५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० टक्के सापेक्ष आर्द्रता आहे असे धरू. ५ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ६.८ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे या हवेत सुमारे ६ ग्रॅम वाफ आहे. हीच हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली, तर तिची क्षमता १७.३ ग्रॅम होते आणि सापेक्ष आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास उतरते. बाहेरची हवा तिथे मुळात कोरडीच आहे. मग ओल कुठून येते? घरातूनच. विश्रांती घेणारा माणूस श्वास आणि त्वचेवाटे तासाला सुमारे ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. स्वयंपाक, आंघोळ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांची भर त्यात पडते. थंडीमुळे दारे-खिडक्या घट्ट बंद असतात. ही वाफ बाहेरून गारठलेल्या भिंतीवर आणि काचांवर दवासारखी जमते आणि तिथे बुरशी धरते. अशा घरात डीह्युमिडिफायर दुहेरी उपयोगी पडतो. तो वाफ काढतो आणि खोली थोडी गरमही करतो.

विक्रोळीत जानेवारीत काय होते? रात्रीचे तापमान साधारण १७ अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी ते ३०-३१ अंशांवर जाते. घरातील हवा २५ अंशांची आणि ६० टक्के आर्द्रतेची धरली, तर तिच्यात घनमीटरला सुमारे १४ ग्रॅम वाफ आहे. हिचा दवबिंदू सुमारे १७ अंश येतो. आता घरातील भिंतीला तापमापी टेकवून पाहावा. विक्रोळीतल्या राहत्या घराची आतली भिंत जानेवारीतही सहसा २० अंशांच्या खाली जात नाही. भिंतीचे तापमान दवबिंदूच्या वर असेल, तर हवेतील वाफ त्या भिंतीवर पाणी होऊन बसू शकत नाही.

यावरून निष्कर्ष सरळ निघतो. विक्रोळीत जानेवारीत भिंत ओली असेल, तर ते पाणी हवेतून आलेले नाही. ते भिंतीच्या आतून आलेले आहे. वरच्या मजल्यावरील न्हाणीघर, भिंतीत गाडलेला नळ, सांडपाण्याचा पाइप, गच्चीवरील टाकी किंवा जमिनीतून विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढणारे पाणी, यांपैकी काहीतरी कारण असले पाहिजे. यंत्र हवेतील वाफ काढते, भिंत आपल्या पृष्ठभागावरून नवी वाफ देते, आणि मागून पाझर भिंतीला पुन्हा पाणी पुरवतो. अशा स्थितीत यंत्राची टाकी कितीही वेळा रिकामी केली तरी डागावर परिणाम होणार नाही. उलट बाष्पीभवन वाढल्याने पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर साठतात, भिंतीला पांढरा लोणा लागतो आणि रंगाचे पोपडे निघतात.

पावसाळ्याचा हिशेब

‘मग पावसाळ्यात तरी घ्यावा का?’ हा पुढचा प्रश्न. मुंबईच्या उपनगरांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे २३०० मिलिमीटर पाऊस पडतो. विक्रोळीच्या एका बाजूला ठाण्याची खाडी आणि तिवरांचे जंगल आहे. जुलैत तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८८ टक्के धरली, तर घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम वाफ होते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत २८ घनमीटर हवा असते. तिची आर्द्रता ६० टक्क्यांवर आणायची, तर घनमीटरमागे सुमारे ७.७ ग्रॅम, म्हणजे एकूण २१५ ग्रॅम पाणी काढावे लागेल. हे मोठ्या कपभरच पाणी झाले!

पण खोली ही झाकण लावलेली बरणी नाही. दाराखालच्या फटी, जाळ्या आणि येणे-जाणे यांमुळे तासाभरात खोलीतील हवा एकदा बदलते असे धरले, तर दर तासाला २१५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला पाच लिटरहून अधिक पाणी काढत राहावे लागेल. खिडकी उघडी असेल तर हा आकडा कित्येक पट होईल, कारण तेव्हा आपण खाडीवरून येणारी हवा वाळवत बसू.

आता अप्रकट उष्म्याकडे वळू. एक किलोग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. पाच लिटरसाठी ती साडेतीन युनिट विजेइतकी भरते. यंत्राने एका युनिट विजेत दीड लिटर पाणी काढले असे मानले, तर त्याला जवळपास तेवढीच वीज लागेल, आणि तीही शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहील. एकूण सात युनिट उष्णता दिवसभरात म्हणजे सरासरी सुमारे ३०० वॅट. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता देतो. म्हणजे जुलैच्या उकाड्यात, खिडक्या बंद करून, खोलीत आणखी तीन माणसे आणून बसवल्यासारखे झाले. लंडनच्या हिवाळ्यात जी उष्णता वरकमाई होती, तीच विक्रोळीत शिक्षा ठरते. एअरकंडिशनर पाणी काढताना हीच उष्णता खिडकीबाहेर टाकतो, एवढाच दोन्हींतील महत्त्वाचा फरक.

खोक्यावरचा आकडाही नीट वाचला पाहिजे. ‘दिवसाला इतके लिटर’ ही क्षमता कोणत्या तापमानाला आणि आर्द्रतेला मोजली, यावर ती अवलंबून असते. अमेरिकेत २०१९ साली घरगुती यंत्रांच्या चाचणीचे तापमान सुमारे २७ अंशांवरून १८ अंशांवर आणले गेले, आणि पूर्वी ३३ लिटरचे म्हणून विकले जाणारे यंत्र २४ लिटरचे म्हणून विकले जाऊ लागले. यंत्रात काही बदल नव्हता, मोजणीची अट बदलली होती.

यंत्राची योग्य जागा

यंत्र निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. गळती दुरुस्त केल्यानंतर ओली भिंत लवकर वाळवण्यासाठी, पावसाळ्यात बंद खोलीत कपडे वाळवण्यासाठी किंवा पुस्तकांची बंद खोली सांभाळण्यासाठी ते चांगले काम देते. जागा जितकी लहान आणि बंद, तितका हिशेब सोपा होतो. शाळेतील सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवर पावसाळ्यात बुरशी धरते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. त्यासाठी तर यंत्रही नको. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल पुरते. कपाटात एक छोटा दिवा लावून हवा २८ वरून ३२ अंशांवर नेली, तर एक थेंबही पाणी न काढता आर्द्रता ८८ वरून सुमारे ७१ टक्क्यांवर येते. दिवा आणि कागद-कापड यांत मात्र पुरेसे अंतर असावे.

येथे पाठ्यपुस्तकाबद्दलही एक तक्रार नोंदवतो. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की हवा दमट वाटते आणि खाली आली की कोरडी, असे आपण मुलांना सांगतो. ही खूण म्हणून ठीक आहे. पण २० अंशांना ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरला ११ ग्रॅम वाफ असते, तर ३१ अंशांना ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत १६ ग्रॅम. ‘कोरड्या’ हवेत पाणी जास्त! तापमान न सांगता दिलेला टक्का अर्धीच माहिती देतो, हे मुलांना या उदाहरणावरून समजेल, आणि यंत्रावरील काटा वाचतानाही उपयोगी पडेल.

वर्गासाठी उपक्रम

विद्यार्थ्यांना घरी करता येतील असे तीन प्रयोग सुचवतो. पहिला : ओल्या भिंतीवर वीतभर लांबी-रुंदीचा ॲल्युमिनिअमचा पातळ कागद चारही कडांना चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवावा. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतून. दुसरा : डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून शेजारी तारीख आणि वेळ लिहावी. मुंबईत अनेक वस्त्यांत पाणी ठराविक वेळीच येते. पाणी येऊन गेल्यावर डाग पसरत असेल, तर नळाच्या जोडणीवर संशय घ्यावा. तिसरा : स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फ थोडा थोडा घालत जावे, आणि पेल्याला बाहेरून धुके धरेल तेव्हाचे पाण्याचे तापमान नोंदवावे. हा दवबिंदू. तो भिंतीच्या तापमानाशी ताडून पाहावा.

कन्नमवारनगरातील बाईंनी पहिला प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी कागद भिंतीकडून ओला होता. वरच्या मजल्यावरील न्हाणीघरात रंगीत पाणी ओतून पाहिल्यावर तोच रंग त्यांच्या डागात उतरला, आणि दुरुस्तीची चर्चा त्यांच्या एकट्यांच्या वीजबिलावरून दोन्ही घरांच्या आणि सोसायटीच्या बैठकीपर्यंत गेली.

आमच्या दृष्टीने खरा मुद्दा इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर घरांचा दम्यासारख्या श्वसनाच्या तक्रारींशी संबंध असल्याचे त्यांत मांडले आहे आणि मुळात ओल होऊ न देण्यावर भर दिला आहे. शिवाय पाझरणारे पाणी स्लॅबमधील सळ्यांपर्यंत पोहोचले की त्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, काँक्रीट तडकते आणि एके दिवशी छताचा तुकडा खाली येतो. यंत्राने खोलीतला कुबट वास कमी होतो, काटा समाधानकारक आकडा दाखवतो, आणि आत सळ्या गंजतच राहतात. दुखणे न शोधता वेदनाशामक गोळी घेण्याचाच हा प्रकार आहे.

जानेवारीत विक्रोळीची हवा फुकटात कपडे वाळवते. त्या हवेतही जी भिंत वाळत नाही, ती आपल्याला काही सांगते आहे. यंत्राची किंमत विचारण्याआधी तिच्यावर एक कागद चिकटवून पाहावा, एवढेच सुचवायचे आहे.