‘राजीनामा’ आणि राजीखुशी : एका वर्गवारीचे परीक्षण

हैदराबाद संस्थानातील जहागिरदारी-निर्मूलन व जमीनसुधारणा यांच्या आर्थिक-सामाजिक परिणामांवरील अली मोहम्मद खुस्रो यांचा इंग्रजी ग्रंथ उस्मानिया विद्यापीठाने १९५८ साली प्रसिद्ध केला. नांदेड व लातूर येथील भूधारणेच्या अभ्यासकास तो टाळून पुढे जाता येत नाही. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामी अंमलाखाली होता. आणि १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरही येथे लागू राहिला.

पूर्वीच्या जहागिरी मुलखाविषयी खुस्रो यांनी दिलेले आकडे सुपरिचित आहेत. १९५१ मधील दर शंभर संरक्षित कुळांपैकी १९५४ पर्यंत सुमारे ४५ कुळे त्याच नात्याने टिकली; १२ जमीन विकत घेऊन मालक झाली; २ ते ३ कायदेशीर मार्गाने निघाली; २२ बेकायदा काढली गेली; आणि जवळजवळ १८ कुळांनी जमीन ‘स्वेच्छेने’ सोडली. सरकारी दप्तराला न दिसणारी बेकायदा हकालपट्टी स्वतंत्रपणे मोजली गेली, हे या ग्रंथाचे मोठे श्रेय होय. आक्षेप आहे तो अखेरच्या वर्गाच्या नावावर.

‘स्वेच्छेने सोडणे’ हे कृतीचे वर्णन आहे, की कागदाचे? महसुली मराठीत जमीन पत्करण्याच्या लेखास ‘कबुलायत’ व सोडण्याच्या लेखास ‘राजीनामा’ म्हणत. राजीनामा म्हणजे राजी असल्याचा लेख. संमती येथे लेखाच्या नावातच गृहीत धरलेली असते. ती सिद्ध करावी लागत नाही. कुळाने अंगठा उठवला की तो राजी ठरतो. अर्थात, व्युत्पत्ती हा जबरदस्तीचा पुरावा नव्हे. कागद कशाचा दावा करतो एवढेच ती सांगते. परंतु त्या दाव्यालाच वस्तुस्थिती मानून वर्ग पाडला, तर मोजणी कुळांची न राहता कागदांची होते.

कायद्याला हा धोका अज्ञात नव्हता. कुळाने हक्क सोडताना तो लेखी सोडावा, तहसीलदारासमोर कबूल करावा आणि तो सद्भावनेने सोडल्याची तहसीलदाराची खात्री पटावी, अशी अट त्यात होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेनेही अशा बहुतेक त्यागांच्या खरेपणाविषयी शंका व्यक्त केली होती. मात्र जो मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या ‘शिकमी’ म्हणून ओळखला गेला, त्याची संमती तपासणे सोपे नव्हते. ‘शिकम’ म्हणजे पोट. शिकमीचे अस्तित्व पट्टेदाराच्या पोटातले. १३५४ फसलीच्या आसामी शिकमी कायद्यापासून त्याला संरक्षण मिळू लागले खरे. पण बी-बियाणे, कर्ज व बैल यांसाठी ज्याच्या दाराशी जावयाचे, त्याच पट्टेदाराविरुद्ध तहसिलीत ‘मी राजी नाही’ असे म्हणणे त्याला कितपत शक्य होते?

हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. बेकायदा निघालेली २२ व ‘स्वेच्छेने’ निघालेली १८ कुळे एकत्र धरली, तर शंभरातील चाळीसांनी जमीन गमावली असे ठरते; निराळी ठेवली, तर अठरांच्या बाबतीत कायदा निर्दोष राहतो. पहिल्या पक्षी कायद्याच्या अंमलबजावणीस जाब द्यावा लागतो. दुसऱ्या पक्षी दोष कुळाच्या माथी येतो.

नांदेड-लातूरच्या पुढील अभ्यासकाने म्हणूनच खुस्रो यांचे आकडे जरूर घ्यावेत, पण वर्गांची नावे जशीच्या तशी घेऊ नयेत. तहसिलीतील राजीनामे १९५४ च्या खासरा पत्रकाशी गावनिहाय ताडून पाहावेत. जमीन सोडल्यानंतर ती कोणी कसली, हे तेथे शोधावे. त्यानंतरच ‘स्वेच्छा’ हा शब्द वापरण्याचा अधिकार प्राप्त होईल.