टँकचे सुटे भाग आणि ताऱ्यांमधली लढाई



अंतराळातले साहसपट आणि त्यांतल्या यानांची प्लास्टिकची मॉडेल किट्स, असा आजचा विषय. समीक्षेच्या व्याख्यानात हे कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण किट्स जोडणारे आम्ही लोक हे सिनेमे जरा वेगळ्या बाजूने पाहतो. प्रेक्षक पडद्यावर एखादं यान तीन सेकंद बघतो. आम्ही तेच यान टेबलावर महिनाभर बघतो. चौकटीवरून एकेक तुकडा कापायचा, कडा घासायच्या, सॉल्व्हंट लावून जोडायचा, वाळेपर्यंत थांबायचं. एवढा वेळ घालवला की प्रश्न पडायला लागतात. हे इंजिन इथेच का? आत जायचं दार कुठे आहे? हा पाइप कुठून निघतो आणि कुठे जातो? या प्रश्नांची उत्तरं शोधताना लक्षात येतं, की सिनेमा करणाऱ्यांनी खरोखर काही विचार केला होता, की नुसता देखावा उभा केला होता.

तेव्हा आज आपण एवढंच तपासू. पडद्यावरचं यान आपल्याला खरं का वाटतं? आणि ते खरेपण कुठून उसनं आणलेलं असतं?

यान खरं वाटावं म्हणून सिनेमा आणि टीव्हीने ढोबळमानाने तीन वाटा वापरल्या. पहिली वाट गुळगुळीतपणाची. १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’मधलं एन्टरप्राइज आठवा. एक तबकडी, एक नळकांडं आणि मागे दोन लांब इंजिनं. ते मॅट जेफरीज यांनी रेखाटलं. दुसऱ्या महायुद्धात ते बी-१७ बॉम्बफेकी विमानांवर होते, विमानांची त्यांना चांगली जाण होती. यानाची बाहेरची बाजू त्यांनी जवळपास कोरी ठेवली, आणि त्यामागे कारण होतं. यंत्रं आतच असली पाहिजेत, म्हणजे बिघाड झाला तर दुरुस्तीसाठी कुणाला बाहेर पोकळीत जावं लागणार नाही. म्हणजे त्या कोऱ्या पृष्ठभागामागे एका मेकॅनिकचा विचार आहे. चित्रीकरणाचं मोठं मॉडेल सुमारे ३.४ मीटर लांबीचं होतं. आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे.

दुसरी वाट म्हणजे कारणमीमांसेची. स्टॅन्ली कुब्रिकचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ हा १९६८चा सिनेमा. त्यातल्या डिस्कव्हरी यानाचं मोठं मॉडेल सुमारे १६.५ मीटर लांबीचं होतं. एका टोकाला माणसं राहतात तो गोल, दुसऱ्या टोकाला अणुऊर्जेवर चालणारी इंजिनं आणि मध्ये लांबच लांब कणा. हा कणा शोभेचा नाही. किरणोत्सर्गापासून माणसं लांब राहावीत म्हणून तो आहे. गंमत म्हणजे या काटेकोर यानातही एक तडजोड आहे. अणुभट्टीची उष्णता बाहेर टाकण्यासाठी मोठे पत्रे लागतात, आणि ते आधीच्या आराखड्यांत होतेही. पण लोकांना ते पंखच वाटतील, आणि हवा नसताना पंख कशाला असं ते विचारतील, म्हणून ते काढले. प्रेक्षकाची समजूत सांभाळण्यासाठी विज्ञानाने एक पाऊल मागे घेतलं, असं म्हणा ना.

तिसरी वाट सगळ्यात जास्त चालली आणि आजच्या विषयाचा गाभाही तीच आहे. ही वाट तुकड्यांची. आम्ही तिला किटबॅशिंग म्हणतो. दुकानातून रणगाडे, युद्धनौका, तोफा, शर्यतीच्या गाड्या यांची किट्स आणायची, त्यांतले बारीक भाग काढायचे आणि यानाच्या सांगाड्यावर चिकटवायचे. चाकाचा आस इथे, इंजिनाचं झाकण तिथे. त्या भागांना यानात काही काम नसतं. पण नजरेला ते यंत्र वाटतं. अशा निव्वळ दिखाऊ तपशिलाला या धंद्यात ‘ग्रीबल’ असं नाव पडलं.

१९७७च्या ‘स्टार वॉर्स’ने ही पद्धत शिखरावर नेली. सुरुवातीचं दृश्य आठवा. एक छोटं यान पळतंय आणि त्याच्या मागून एक अजस्र त्रिकोणी जहाज डोक्यावरून सरकत येतं, संपतच नाही. आता खरी मापं ऐका. ते अजस्र जहाज म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटरचं मॉडेल. आणि पळणारं ‘छोटं’ यान? त्याचं मॉडेल सुमारे दुप्पट लांबीचं होतं! पूर्वी तेच मिलेनियम फाल्कन होणार होतं, म्हणून ते मोठं बनवलेलं होतं. नंतर ते ‘स्पेस: १९९९’ या ब्रिटिश मालिकेतल्या ईगल यानासारखं दिसतंय म्हणून फाल्कन नव्याने घडवलं, आणि जुनं मॉडेल या कामाला आलं. मग ९१ सेंटिमीटरचं मॉडेल मैलभर लांब कसं वाटतं? त्यावरच्या बारीक तुकड्यांमुळे. डोळ्याला मोठेपणा मोजता येत नाही, तो फक्त तुलना करतो. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यात हेच उलटं घडतं. बुरुज वीतभर आणि पहाऱ्यावरचा मावळा त्याच्याहून उंच, त्यामुळे किल्ला कितीही देखणा असला तरी किल्ला वाटत नाही, अंगणातली माती वाटते. स्टार वॉर्सवाल्यांनी प्रमाणाचं हे गणित अचूक सोडवलं. त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

दुसरं श्रेय मळकटपणाचं. या सिनेमातली बंडखोरांची विमानं ओरखडलेली, काजळी धरलेली, रंग उडालेली आहेत. साम्राज्याच्या जहाजांचे आतले मजले मात्र चकचकीत. कुणाकडे पैसा आहे, कुणाकडे नाही, हे एकही संवाद न बोलता कळतं. किट रंगवताना आम्ही नेमकं हेच करतो. पातळ काळपट रंग फटींमध्ये सोडायचा, जवळपास कोरड्या ब्रशाने कडा उजळायच्या. पण डाग कुठेही पाडून चालत नाही. काजळी धुराड्यापाशीच हवी. माणसांचे पाय जिथे पडतात तिथलाच रंग झिजलेला हवा. प्रत्येक डागाला कारण लागतं, तेव्हा यानाला इतिहास मिळतो.

बरं. आता कौतुक बाजूला ठेवून मुद्द्यावर येऊ.

हे तुकडे कुठून आले? रणगाडे, तोफा आणि युद्धनौकांच्या किट्समधून. काही छांदिष्ट तर मूळ मॉडेलवरचा अमुक तुकडा कोणत्या किटमधला हे शोधून काढतात, ते जुनं किट मिळवतात आणि नेमका तोच तुकडा आपल्या प्रतिकृतीवर चिकटवतात. हे वेड आहे, मान्य. पण त्या वेडातून एक गोष्ट बोटांना कळते. दूरच्या दीर्घिकेतलं म्हणून जे यान आपण बघतो, त्याच्या अंगावर दुसरं महायुद्ध चिकटवलेलं आहे.

आणि हे फक्त प्लास्टिकपुरतं नाही. जॉर्ज लुकस यांनी अंतराळातली लढाई ठरवताना जुन्या युद्धपटांतली विमानांच्या झुंजींची दृश्यं जोडून घेतली होती, आणि मॉडेलवाल्यांनी त्यांच्या बरहुकूम आपली दृश्यं बेतली. शेवटचा तो अरुंद चरातून जाणारा हल्ला १९५५च्या ‘द डॅम बस्टर्स’ या ब्रिटिश युद्धपटाची थेट आठवण करून देतो. तो सिनेमा १९४३मधल्या जर्मन धरणांवरच्या हल्ल्याचा. त्याच्या विशेष दृश्यांचं छायाचित्रण करणारे गिल्बर्ट टेलर हेच पुढे ‘स्टार वॉर्स’चे छायालेखक होते. म्हणून अंतराळात हवा नसताना ती विमानं पंख कलवून वळतात. पोकळीत पंख कलवून दिशा बदलत नाही, त्यासाठी बाजूने जोर द्यावा लागतो. उलट पुढे जात असताना यान गर्रकन मागे तोंड करून गोळी झाडू शकतं. १९९३ साली सुरू झालेल्या ‘बॅबिलॉन ५’ मालिकेतली स्टारफ्युरी विमानं तसं करतातही, आणि ते बघायला काही कमी थरारक नाही.

तुम्ही म्हणाल, अहो, करमणूक आहे, कशाला एवढी चिरफाड? भौतिकशास्त्राच्या चुका काढणं हा आमचा हेतूच नाही. परीकथेला न्यूटनचे नियम लावू नयेत. आमची तक्रार वेगळी आहे. ज्या गोष्टीला आपण भविष्याची कल्पना म्हणतो, ती बऱ्याचदा गेल्या युद्धाची आठवण असते. आणि ते युद्धही कसं? खोक्यावरच्या चित्रातलं. धूर आहे, ज्वाळा आहेत, प्रेतं नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी अंतराळ म्हणजे विमानांची झुंज असंच समजायचं, ही कल्पनाशक्तीची चैन नाही, काटकसर आहे.

म्हणून आमची कसोटी अशी: आपल्या अंगावर काय चिकटवलंय, हे त्या सिनेमाला ठाऊक आहे का?

ठाऊक असलेला सिनेमाही आहे. १९७२चा ‘सायलेंट रनिंग’. ‘२००१’च्या दृश्यांवर काम केलेल्या डग्लस ट्रम्बुल यांनी तो दिग्दर्शित केला. पृथ्वीवरची शेवटची जंगलं काचेच्या घुमटांत जपून नेणारं मालवाहू जहाज, व्हॅली फोर्ज. त्याचं मॉडेलही रणगाड्यांच्या किट्समधल्या तुकड्यांनी सजवलेलं. आतली दृश्यं चित्रित झाली त्याच नावाच्या, सेवेतून काढलेल्या अमेरिकन विमानवाहू युद्धनौकेवर. आणि कथा काय? वरून हुकूम येतो, की जंगलं अणुस्फोटाने उडवा आणि जहाजं पुन्हा व्यापाराला लावा. म्हणजे लढाईच्या लोखंडात झाडं ठेवलीत, आणि तेच लोखंड शेवटी झाडांवर उठतं. इथे तुकडे उसने आहेत, पण ते अर्थ घेऊन आले आहेत. सिनेमा थोडा भाबडा आहे, मधली गाणी आज जड जातात. तरीही आमच्या कसोटीला तो उतरतो.

दुसरं उदाहरण जपानचं. १९७९ची ‘मोबाइल सूट गुंडम’ ही मालिका. ५२ भागांची योजना होती, प्रतिसाद नाही म्हणून ४३ भागांत गुंडाळली. मग जुलै १९८० मध्ये बांदाई कंपनीने तिची किट्स काढली. १/१४४ प्रमाण, किंमत ३०० येन. ही किट्स आणि पुनर्प्रक्षेपण यांनी मालिका पुन्हा उभी राहिली. आता यात एक पेच आहे, तो नीट पाहू. कथा युद्धाविरुद्ध बोलते. सुरुवातीलाच सांगितलं जातं, की अर्धी मानवजात मेली आहे. नायक एक घाबरलेला, चिडलेला पोरगा आहे. आणि ही कथा जगली कशावर? युद्धयंत्रांच्या विक्रीवर! किट विकायचं तर नवं यंत्र हवं, नवं यंत्र हवं तर नवी लढाई हवी. पुढच्या कितीतरी मालिकांमध्ये हा ताण जाणवतो.

तरीपण किटच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. गुंडमच्या किट्समध्ये शत्रूचं झाकू हे यंत्रही तितक्याच निगुतीने दिलेलं आहे. ते जोडताना शत्रूच्या गुडघ्याचा सांधा कसा वाकतो, त्याचा चालक कुठे बसतो, हे सगळं हाताखालून जातं. पडद्यावर जे यंत्र एका फटक्यात फुटतं, ते टेबलावर चार रात्री खातं. शत्रूच्या आतही कुणी बसलेलं असतं, हे त्या पोकळ छातीचं झाकण बसवताना आपसूक लक्षात येतं. मालिकेला जे सांगायचं होतं, ते कधी कधी किट जास्त शांतपणे सांगतं.

आता आजकालचं. संगणकावर बनवलेल्या यानांना तपशिलाची मर्यादा नाही, आणि तिथेच गोची होते. तुकडा शोधून, कापून, चिकटवायचा असतो तेव्हा माणूस निवड करतो. हजार तुकडे एका आज्ञेत पसरता येतात तेव्हा निवड सुटते. सगळीकडे सारखाच तपशील, म्हणजे डोळ्याला विसावा नाही आणि मोठेपणाही नाही. म्हणून काही जण पुन्हा मॉडेलकडे वळले. २०१४च्या ‘इंटरस्टेलर’साठी एन्ड्युरन्स यानाचं १/१५ प्रमाणातलं, सुमारे साडेसात मीटरचं मॉडेल बनवलं. २०१९च्या ‘द मँडलोरियन’साठी रेझर क्रेस्टचं खरं मॉडेल करून संगणकाने चालणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलं. हाताने केलेलं तेवढंच पवित्र, असं आमचं म्हणणं नाही. पण ‘इंटरस्टेलर’मधलं गरगरणाऱ्या यानाला जोडून घेण्याचं दृश्य पुन्हा पाहा. त्यात शत्रू नाही, गोळीबार नाही. वेग जुळवायचा आहे, बस. आणि छातीत धडधड तितकीच होते. साहस म्हणजे लढाईच, हे समीकरण तिथे मोडतं. अंतराळात जाणं हेच पुरेसं साहस आहे, एवढा विश्वास त्या दृश्याला आहे.

समारोप करू. पुढच्या वेळी अंतराळपट पाहाल तेव्हा तीन प्रश्न सोबत ठेवा. या यानाचा प्रत्येक भाग कशासाठी आहे? त्यावरच्या डागांना कारण आहे का? आणि त्याचं खरेपण कुठल्या जुन्या यंत्रावरून आणलंय, आणि सिनेमाला ते माहीत आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तरी सिनेमा आवडू शकतो. आम्हाला ‘स्टार वॉर्स’ आवडतोच, आमच्या कपाटात फाल्कन आहेच. पण कपाटातल्या त्या फाल्कनच्या बाजूला, काचेच्या घुमटांत झाडं घेऊन जाणाऱ्या जहाजालाही जागा असावी. आणि ती जागा करायची तर लढाऊ विमानांची रांग जरा सरकवावी लागेल.

मंडळी, इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ या.