‘जुळवून घेणे’ : प्रागैतिहासिक विवेचनातील एका क्रियापदाची चिकित्सा

आदिमानवाविषयीचे मराठी लेखन चाळीत असता एक विधान वारंवार भेटते : हवामान पालटले आणि मानवाने बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेतले. विधान इतके परिचित झाले आहे की, त्यात काही सिद्ध करावयाचे शिल्लक आहे असे वाचकास वाटतच नाही. परंतु मराठीत ‘घेणे’ हे सहायक क्रियापद केवळ शोभेसाठी येत नाही. ‘काम उरकले’ आणि ‘काम उरकून घेतले’ या वाक्यांत भेद आहे. दुसऱ्या वाक्यातील कर्ता जाणून, ठरवून आणि स्वतःच्या सोयीसाठी क्रिया करतो. तेव्हा ‘जुळवून घेतले’ असे लिहिणारा अभ्यासक पुराव्याच्या आधी हेतू गृहीत धरतो, असे म्हणणे भाग आहे.

या भेदाचे महत्त्व ध्यानी येण्यास दूर जावयास नको. प्रस्तुत लेखक कोपरीस राहतो. ठाण्याच्या खाडीतील मासेमारी टाकून नोकरीस लागलेल्या कुटुंबांविषयी बाहेरचा मनुष्य ‘त्यांनी काळाशी जुळवून घेतले’ असे सहज म्हणतो. त्याच घरातील आजोबा ‘होडी विकावी लागली’ असे सांगतात. आणि नातवंडे म्हणतात, ‘ते हळूहळू सुटत गेले’. घटना एकच, कारणमीमांसा मात्र तीन : निवड, सक्ती आणि नकळत झालेला पालट. प्रागैतिहासिक मानव स्वतः बोलत नाही. म्हणून त्याच्या वतीने क्रियापद निवडण्याची जबाबदारी अभ्यासकावर येते.

आता घोड नदीच्या खोऱ्यातील दोन स्थळे घेऊ. पहिले जुन्नर तालुक्यातील बोरी हे होय. घोडला मिळणाऱ्या कुकडीच्या काठी येथे ज्वालामुखीची राख आणि अश्युलियन परंपरेची दगडी हत्यारे आढळली. या राखेचे वय एका मताने सुमारे १४ लक्ष वर्षे, दुसऱ्या मताने ६ लक्ष ७० हजार वर्षे, तर तिसऱ्या मताने सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकाइतके, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षे ठरते. एवढ्या अंतरात हवामानाची कितीतरी आवर्तने येऊन गेली. मग तेथील मानवाने जुळवून घेतले ते कोणत्या हवामानाशी? शिवाय अश्युलियन हातकुऱ्हाडीचा मूळ आकार लक्षावधी वर्षे फारसा पालटलेला दिसत नाही. परिस्थिती पालटत असता जे साधन टिकून राहते, त्याच्या आधारे बदलत्या वर्तनाविषयी बोलणे धाडसाचेच म्हटले पाहिजे. येथे ‘तग धरली’ एवढेच म्हणता येईल.

दुसरे स्थळ शिरूर तालुक्यातील इनामगाव. कालदृष्ट्या ते अगदी अलीकडचे, शेतकऱ्यांचे गाव; आदिमानवाचे नव्हे. परंतु वर्तनातील पालटाचा पुरावा तेथे विपुल असल्यामुळे आपल्या क्रियापदाची परीक्षा तेथेच उत्तम होते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात इ. स. पू. १६०० ते ७०० पर्यंतची वस्ती उजेडात आली. पूर्व जोर्वे काळात (इ. स. पू. १४०० ते १०००) मोठी चौकोनी घरे होती, मुख्य पीक जवाचे होते आणि पाण्यासाठी बांध घालून पाट काढलेला होता. उत्तर जोर्वे काळात (इ. स. पू. १००० ते ७००) लहान गोल झोपड्या दिसू लागतात. डॉ. म. के. ढवळीकर यांनी याचे कारण वाढत्या अवर्षणात शोधले : पाऊस उणावला, शेती खालावली, आणि लोक शिकार व मेंढपाळी यांच्या आश्रयाने अर्धभटके जीवन जगू लागले.

ही मांडणी सुसंगत आहे, आणि एका गावाच्या अवशेषांतून समाजाचे जीवन उभे करण्याचा तिचा प्रयत्न मराठी वाचकाने कृतज्ञतेने वाचावा असाच आहे. तथापि तिच्यात एकच क्रियापद दोन भिन्न पुराव्यांना लावले जाण्याचा धोका आहे. पाट खणणे हे निःसंशय ‘घेणे’ आहे. त्यात पूर्वविचार आहे आणि अनेकांचे एकत्र श्रम आहेत. गोल झोपडीविषयी तसे म्हणता येत नाही. ती निवड असेल, दारिद्र्य असेल, किंवा कुटुंबरचनेतील पालटही असेल. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बालकांच्या सांगाड्यांचा अभ्यास नव्या पुराहवामानविषयक माहितीशी ताडून पाहिला आणि अवर्षणाच्या सरळ कारणमीमांसेचा फेरविचार केला. हाडांवर व दातांवर खुंटलेल्या वाढीच्या खुणा उमटतात, त्या कोणी ठरवून उमटवीत नाही. समाजाने ‘जुळवून घेतले’ असे म्हणताना त्याची किंमत कोणी दिली, हा प्रश्न घरातील जमिनीखाली कुंभांत पुरलेली ही मुले आपणांस विचारतात.

हा केवळ शब्दांचा कीस आहे, असा आक्षेप येईल. त्यावर उत्तर असे की, जीवशास्त्रातील ‘अनुकूलन’ पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून घडते; त्यास हेतू लागत नाही. ती संज्ञा मराठीत ‘जुळवून घेणे’ अशी उतरली की नसलेला कर्ता वाक्यात येऊन बसतो, आणि पुढील अभ्यासक त्याचा हेतू शोधू लागतो. उलट प्रत्येक ठिकाणी ‘करावे लागले’ म्हटल्यास मनुष्य हवामानाचे खेळणे ठरतो. दोन्ही अतिरेक टाळावयाचे तर नियम सोपा आहे : पूर्वविचाराचा पुरावा असेल तेथे ‘घेतले’, कोंडीचा असेल तेथे ‘लागले’, आणि दोहोंपैकी काहीच नसेल तेथे ‘होत गेले’. बोरीच्या मानवाविषयी तूर्त या तिसऱ्या क्रियापदाच्या पुढे जाण्याचा अधिकार आपणांस नाही.