मरणाचा स्कोअर आणि मृत्युलेखाचा डेटा

रिसर्चला लागण्याआधी एक सवय लावून घ्या. कुठलाही आकडा समोर आला, की तो कोणत्या नियमातून तयार झालाय ते आधी विचारायचं. आज त्यासाठी जरा विचित्र उदाहरण घेतेय.

युरोप-अमेरिकेत 'डेडपूल' नावाचा एक खेळ चालतो. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक खेळाडू प्रसिद्ध माणसांची यादी देतो, आणि त्या वर्षात यादीतलं कुणी वारलं की त्याला गुण मिळतात. गुण मोजायचा एक प्रचलित नियम आहे: १०० वजा मृत्यूच्या वेळचं वय. यादीत नुसतं ओळखीचं नाव असून भागत नाही. त्या मृत्यूची बातमी किंवा मृत्युलेख मोठ्या माध्यमात यावा लागतो. म्हणजे खेळाचा पंच कोण, तर प्रेस.

हा खेळ ओंगळ आहे हे सांगायला पीएचडी लागत नाही. तरी गंमत म्हणून सोडूनही देऊ नका, कारण अंदाज, स्कोअर आणि डेटा या तिन्ही गोष्टी इथे उघड्यावर दिसतात आणि तिन्हींत गडबड आहे.

मार्च २०१६, जर्मनी

त्या महिन्यात दोन आठवड्यांत जर्मनीतली चार नामवंत माणसं गेली. १८ मार्चला माजी परराष्ट्रमंत्री गिडो वेस्टरवेले, वय ५४. त्याच दिवशी बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचे माजी मुख्यमंत्री लोथार श्पेट, वय ७८. २४ मार्चला जॅझ गायक रॉजर सिसेरो, वय ४५. आणि ३१ मार्चला हान्स-डीट्रिश गेन्शर, वय ८९, जे जवळजवळ १८ वर्षं परराष्ट्रमंत्री होते.

नियम लावा. वेस्टरवेले ४६ गुण, श्पेट २२, सिसेरो ५५, गेन्शर ११. वरवर बघता नियम न्याय्य वाटतो: म्हाताऱ्या माणसाचं नाव कुणीही लिहील, म्हणून त्याला कमी गुण.

आता शक्यता धरून हिशोब करू. जर्मनीच्या आयुर्मान सारणीत ८९ वर्षांच्या पुरुषाचा वर्षभरात मृत्यू होण्याची शक्यता ढोबळमानाने १५ टक्के आहे, ७८ व्या वर्षी ५ टक्के, ५४ व्या वर्षी अर्धा टक्का आणि ४५ व्या वर्षी त्याच्याही निम्मी. गुण गुणिले शक्यता, म्हणजे अपेक्षित गुण. ८९ ला १.६५, ७८ ला १.१, ५४ ला ०.२३, ४५ ला ०.१४. फक्त वय माहीत असेल, तर म्हाताऱ्यांचीच यादी करणं फायद्याचं.

पण समजा, ५४ वर्षांचा एक माणूस गंभीर आजारी आहे हे तुम्हाला कळलं, आणि तुम्ही त्याची शक्यता ३० टक्के धरली. अपेक्षित गुण झाले १३.८. नव्वदीकडे झुकलेल्या माणसाच्या आठपटीहून जास्त! म्हणजे हा नियम कशाचे पैसे देतो? वयाच्या अभ्यासाचे नाही. तरुण माणसाच्या आजाराची बातमी शोधून काढण्याचे. वेस्टरवेलेंना ल्युकेमिया झाल्याचं २०१४ मध्ये जाहीर झालं होतं, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांचं आजारपणावरचं पुस्तकही आलं. एका माणसाने आपल्या आजाराविषयी लोकांशी बोलावं, आणि खेळणाऱ्याने ते 'टिप' म्हणून वाचावं, हे या नियमात बसवलेलंच आहे. सिसेरो मेंदूच्या झटक्याने अचानक गेले. सगळ्यात जास्त गुण त्यांचे, आणि तिथे कौशल्याचा संबंध शून्य.

हे आजचं नाही

१७६५ मध्ये सुमारे ८०० जर्मन स्थलांतरितांना लंडनमध्ये आणून अन्नाशिवाय, निवाऱ्याशिवाय सोडून दिलं गेलं. त्यांच्यापैकी आठवड्याभरात किती मरतील यावर तिथल्या सट्टेबाजांनी पैजा लावल्या. तेव्हा आयुर्विमा आणि सट्टा यांच्यात रेघच नव्हती. १७७४ च्या ब्रिटिश कायद्याने ती ओढली: ज्याच्या जगण्यात तुमचं काही हित नाही, त्याच्या आयुष्यावर तुम्हाला पॉलिसी काढता येणार नाही. लक्षात घ्या, कायद्याने मृत्यूचा अंदाज बांधणं बंद केलं नाही. एडमंड हॅलीने १६९३ मध्ये ब्रेसलाऊ शहराच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मान सारणी मांडली होती. तोही अंदाजच, पण त्यात कुणाच्या नावावर डाव लावलेला नव्हता.

शास्त्र म्हणूनही खेळाचा नियम कच्चा आहे. इथे फक्त नाव लिहायचं, शक्यता नाही. चुकलेल्या नावाला दंड नाही. १९५० मध्ये ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने अंदाज तपासायची एक साधी रीत दिली: शक्यता आकड्यात सांगा, मग प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीशी फरकाचा वर्ग घ्या. तिथे छाती ठोकून चुकणाऱ्याला भुर्दंड पडतो. डेडपूलचा विजेता चांगला अंदाज बांधतो की नुसता नशीबवान आहे, हे त्याच्या गुणांवरून कळतच नाही. तुमच्या मॉडेलची फक्त बरोबर आलेली उत्तरं दाखवून सेमिनार मारून नेलात, तर तुम्हीही तेच करताय.

आता पंचाकडे वळू

समजा तुम्ही म्हणालात, खेळ सोडा, मी जर्मन वृत्तपत्रांतल्या मृत्युलेखांचा डेटा घेते. चांगली कल्पना आहे, पण आधी चार गोष्टी तपासा.

एक. जर्मनमध्ये 'नाखरूफ' म्हणजे संपादकीय मृत्युलेख आणि 'टोडेसआनत्साइगं' म्हणजे घरच्यांनी पैसे देऊन छापलेली निधनाची जाहिरात, आपल्याकडे 'दुःखद निधन' म्हणून येते तशी. दोन्ही एका फाइलमध्ये टाकलंत की निवडीचे दोन वेगळे नियम एकत्र झाले. मृत्युलेखांमध्येही सगळे नामवंत नसतात. बर्लिनचं 'टागेसश्पीगेल' सामान्य बर्लिनकरांवरही मृत्युलेख छापतं.

दोन. मोठ्या वृत्तपत्रांत वयस्कर नेत्यांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवतात. 'डेर श्पीगेल'च्या वेबसाइटवर २०१२ च्या डिसेंबर अखेरीस थोरल्या जॉर्ज बुश यांचा मृत्युलेख चुकून काही मिनिटं झळकला. बुश गेले २०१८ मध्ये. ४५ व्या वर्षी अचानक गेलेल्या गायकाचा लेख मात्र सहसा त्याच दिवशी धावतपळत लिहावा लागतो. म्हणून लेखाची लांबी हे 'महत्त्वाचं' माप धरू नका. त्यात तयारीचा वेळ मिसळलेला असतो, आणि जागेची स्पर्धाही. श्पेट आणि वेस्टरवेले एकाच दिवशी गेले, हे विसरून त्यांच्या लेखांचे शब्द मोजून काय कळणार?

तीन. मृत्यूचं कारण. जर्मन मृत्युलेखात 'दीर्घ, गंभीर आजारानंतर' हे वाक्य वारंवार भेटतं. ही रिकामी जागा योगायोगाने रिकामी नाही, कुणीतरी ठरवून ठेवलेली आहे. ती सरासरीने भरायची नसते. वयही बिनधोक धरू नका. कार्ल लागरफेल्ड आपलं जन्मसाल वेगवेगळं सांगायचे. १९३३ धरलं तर फेब्रुवारी २०१९ मध्ये ते ८५ चे, १९३८ धरलं तर ८०.

चार. भाषा. हेल्मुट कोल २०१७ मध्ये गेले तेव्हा 'टात्स' या डाव्या वृत्तपत्राने अंत्यसंस्काराच्या फुलांच्या चित्रावर 'बहरलेले प्रदेश' असा मथळा दिला. कोल यांनी १९९० मध्ये पूर्व जर्मनीला हेच वचन दिलं होतं. मथळा बोचरा होता, टीका झाली, संपादकांनी माफी मागितली. भावना मोजणारं सॉफ्टवेअर यावर चालवून बघा. 'बहरलेले' या शब्दाला ते खुशाल सकारात्मक गुण देईल.

मग करायचं काय?

मृत्युलेख टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाहीये. एखाद्या समाजाला कुणाविषयी, कधी, किती बोलावंसं वाटलं, याचा तो उत्तम पुरावा आहे. माणूस कसा जगला आणि कशाने गेला, याचा पुरावा म्हणून तो कमकुवत आहे. सिनॉप्सिस लिहिताना या दोनपैकी कोणता प्रश्न विचारताय ते पहिल्या पानावर स्पष्ट लिहा.

आणि 'डेटा तर पब्लिक आहे, मग एथिक्सचा फॉर्म कशाला' हे वाक्य तोंडात आलं, तर वरचा १३.८ आठवा. वेस्टरवेलेंचं पुस्तकही पब्लिकच होतं. तुमच्या मोजमापात कुणाच्या आजाराची, कुणाच्या दुःखाची किंमत वाढतेय का, हे कुठल्याही फॉर्ममध्ये विचारलेलं नसतं. डेटा गोळा करायला बसण्याआधी स्कोअरचा नियम कागदावर मांडा, आणि त्या नियमाने सगळ्यात जास्त गुण कोणाला मिळतात ते एकदा हाताने मोजून बघा.