शाळेंतील छळ आणि आमचे ग्रंथ

इंग्रजींतील 'बुलिइंग' या शब्दास मराठींत नेमका प्रतिशब्द नाहीं, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. आमच्यापाशीं 'खोडी' आहे, 'चेष्टा' आहे, 'टवाळी' आहे, 'दांडगाई' आहे आणि अगदीं शेवटीं 'छळ' आहे. यांपैकीं पहिले तीन शब्द उच्चारतांना ओंठांवर हंसूं येतें. चौथ्यांत थोडें कौतुकहि मिसळलेलें असतें. आणि पांचवा इतका गंभीर कीं, तो सासूनें सुनेचा किंवा जुलमी राजानें प्रजेचा करावा. दहा वर्षांच्या मुलानें दुसऱ्या दहा वर्षांच्या मुलाचा करावा असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. टवाळी आणि छळ यांच्यामध्यें जी मोकळी जागा उरते तिच्यांत नेमकी वर्गांत रोज घडणारी गोष्ट बसते. पुष्कळांनीं मिळून एकाला हिणवावें, एकदां नव्हे तर दिवसेंदिवस हिणवावें, आणि तो उलटून कांहीं करूं शकत नाहीं हें ओळखून हिणवावें, अशी ही गोष्ट आहे. नार्वे देशांत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनीं आत्महत्या केल्या. त्यांमागें सोबत्यांचा जाच असावा असें दिसून आल्यावर पुढच्याच वर्षीं तेथें देशभर मोहीम निघाली. त्या कामीं अग्रेसर असलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयूस यांनीं या प्रकाराचीं लक्षणें सांगितलीं तीं हींच: बुद्धिपुरस्सरता, पुनरावृत्ति आणि बलाची विषमता. आमच्या मुलानें मात्र घरीं येऊन सांगावें तरी काय? "मला चिडवतात," एवढेंच. आणि "चिडवूं दे, तूं लक्ष देऊं नकोस," हें उत्तर आमच्या घरोघरीं तयारच असतें.

हें उत्तर आमच्या अंगीं कोठून मुरलें, याचा शोध आम्ही शिक्षणशास्त्रांत न घेतां वाङ्मयांत घेणार आहों. कारण मुलांस कसें वाढवावें हें मध्यम वर्गानें शास्त्रावरून फारसें ठरविलेलें नाहीं, तें गोष्टींवरून ठरविलेलें आहे.

साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली गेली आणि १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत पोहण्याचा एक प्रसंग आहे, तो वाचकांस आठवतच असेल. पावसाळ्यांत विहिरी भरल्या आहेत, गांवचीं मुलें पोहावयास जात आहेत आणि श्याम भिऊन माळ्यावर दडून बसला आहे. आई त्याला चोप देऊन बाहेर काढते व विहिरीवर पाठविते. श्याम बुडत नाहीं, पोहतो. मग आई त्याला जवळ घेऊन दही देते आणि आपल्या रागाचें कारण सांगते: आपल्या मुलास लोकांनीं भित्रा म्हणून हिणवावें, हें तिला सोसवत नाहीं. हा प्रसंग वाचतांना आमचेहि डोळे अनेकदां ओले झाले आहेत, आणि त्या माउलीच्या प्रेमाविषयीं शंका घेण्याचें पाप आम्ही करणार नाहीं. परंतु टीकाकाराच्या दृष्टीनें पाहिलें असतां एक गोष्ट नजरेंतून सुटत नाहीं. हिणविणारे दुसरे, आणि औषध मात्र सगळें श्यामला! ज्यांनीं त्याला भित्रा म्हटलें असतें तीं मुलें या कथेंत कोणापुढेंच उभीं राहत नाहींत. त्यांचें हिणविणें हें पावसासारखें गृहीत धरलेलें आहे. पाऊस थांबवतां येत नाहीं, मुलाच्या हातीं छत्री द्यावी, इतकेंच.

श्यामच्या बाबतींत हें औषध लागू पडलें, कारण त्याचें उणें होतें पाण्याची भीति, आणि पाण्याची भीति पाण्यांत पडल्यानें जाते. पण मुलाचा काळा रंग कोणत्या विहिरींत उडी मारल्यानें जाणार? जीभ अडखळते ती, पाय अधू आहे तो, बापाची गरिबी, आईची जात, यांपैकीं कशासच असली विहीर नाहीं. तरीहि आम्ही एका प्रसंगाचा नियम केला. मुलगा रडत आला कीं त्यालाच कणखर करावयाचें, हा तो नियम होय. आणि गेल्या तीन पिढ्या आपण तो सद्गुण म्हणून पाळीत आलों आहों.

आमच्या गुरुजनांच्या पिढीनें आणखी एक पुस्तक आवडीनें वाचलें होतें. टॉमस ह्यूजचें 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज', सन १८५७ चें. रग्बीच्या शाळेंतला फ्लॅशमन हा दांडगा टॉमला धगधगत्या शेकोटीसमोर धरून भाजतो. टॉम होरपळून निघतो, पण कोणाचें नांव सांगत नाहीं. त्या मौनाचें आमच्या इंग्रजी शिकलेल्या मंडळींनीं भारी कौतुक केलें. 'चहाडी करूं नये' हा धडा तेथून आम्हांकडे आला असें नाहीं, तो आमच्याकडे होताच. त्यास फक्त विलायती शिक्का मिळाला. मात्र त्याच पुस्तकाच्या उत्तरार्धाकडे तितकेंसें कोणी पाहिलें नाहीं. तेथें हेडमास्तर डॉक्टर अर्नोल्ड हे आर्थर नांवाचा एक नाजुक, भिडस्त मुलगा मुद्दाम टॉमच्या हवालीं करतात. रात्रीं तो पोर बिछान्याशेजारीं गुडघे टेकून प्रार्थना करूं लागतो. खोलींतलीं मुलें हंसतात, एकजण पायांतला जोडा त्याच्यावर फेकतो. आणि टॉम लागलीच आपला बूट त्या फेकणाऱ्यावर भिरकावतो. बूट फेकावा असा आमचा मुळींच आग्रह नाहीं. परंतु सगळ्या पुस्तकांत छळ खरोखर थांबतो तो या ठिकाणीं, आणि तो थांबतो तो मार खाणाऱ्याच्या धैर्यानें नव्हे, तर पाहणाऱ्यांपैकीं एकानें बाजू बदलल्यानें. त्याहून महत्त्वाचें म्हणजे, त्यानें ती बदलावी अशी व्यवस्था शाळेच्या मुख्यानें आधींच करून ठेवलेली आहे.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ सालीं आली व घराघरांत वाचली गेली. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग आणि मुकुंद जोशी या मुलाचें निवेदन. तिच्या भाषेचा जिवंतपणा आम्हांस मान्य आहे. त्या वयांतील मुलें आपसांत जशीं बोलतात तसेंच येथें बोललेलें आहे, आणि हें साधणें फार कठीण असतें. मास्तरांस ठेवलेलीं नांवें, सोबत्यांस पाडलेलीं नांवें, टोळक्याचें हंसणें हें सारें वाचीत असतां वाचक स्वतःच त्या टोळक्यांत जाऊन बसतो. येथेंच या कादंबरीची मर्यादा आहे. किंवा मर्यादा तिची नसून तिच्या वाचकांची आहे, असें म्हणणें अधिक न्याय्य होईल. ही 'आपल्या शाळेची' आठवण आहे असें ज्यांस ज्यांस वाटलें ते सगळे हंसणाऱ्यांच्या बांकावरचे होते. ज्याला नांव पडलें तो कोठें बसत होता, हा प्रश्न त्या आठवणींच्या गोडव्यांत सहसा उठत नाहीं.

तो कोठें बसत होता, हें सांगणारे ग्रंथ आमच्याकडे निराळे आहेत, आणि ते निराळ्या कपाटांत ठेवण्याची आमची रीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं इंग्रजींत लिहिलेलें 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हें छोटेसें आत्मकथन त्यांच्या निधनानंतर, १९९० सालीं, पुस्तिकारूपानें निघालें. त्यांत त्यांच्या साताऱ्याच्या शाळेचा उल्लेख आहे. वर्गाच्या कोपऱ्यांत एकट्यानें बसावयाचें तें घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर. तें तरट शाळेच्या गड्यानें शिवूं नये म्हणून रोज घरीं न्यावयाचें आणि रोज परत आणावयाचें. तहान लागली तर नळ स्वतः उघडावयाचा नाहीं. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर नाहीं. या मजकुरांत कोणी मारीत नाहीं, कोणी शिवी देत नाहीं, फ्लॅशमन तर नाहींच नाहीं. वर्ग नेहमींप्रमाणें चाललेला आहे, आणि वर्गाचें नेहमींप्रमाणें चालणें हाच येथें छळ आहे. बाबासाहेबांचें लिहिणें इतकें कोरडें आहे कीं, एकाहि विशेषणाचा आधार न घेतां तें मनावर घाव घालतें.

बेबी कांबळे यांचें 'जिणं आमुचं' हें १९८६ सालीं पुस्तकरूपानें आलें. त्यापूर्वीं तें 'स्त्री' मासिकांतून क्रमशः येत होतें. फलटणच्या मुलींच्या शाळेंत बहुसंख्य उच्चवर्णीय आणि महारांच्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांना वेगळें बसवलें जाई आणि त्यांची जागतां-येतां हेटाळणी होई. पण या मुली एकट्या नाहींत, त्यांची एक टोळी आहे, आणि त्या उलट भांडतात. याच कारणानें या आठवणींत दैन्य नाहीं, त्वेष आहे. एकट्या तरटावरचा मुलगा आणि या भांडणाऱ्या मुली यांच्या हकीकतींत जो सूर निराळा लागतो तो स्वभावभेदामुळें नव्हे. शेजारीं कोणी आहे कीं नाहीं, एवढ्याच फरकामुळें तो लागतो, असें आमचें मत आहे.

ग्रंथ नव्हे, पण ग्रंथाच्याच योग्यतेची एक कलाकृति येथें घेतली पाहिजे. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' हा २०१३ सालचा बोलपट. कैकाडी समाजांतला जब्या, त्याला आवडणारी वर्गांतली शालू, आणि शाळेलगतच डुकरें पकडण्याची बापावर आलेली पाळी. जब्या लपतो, बाप त्याला बाहेर काढतो, आणि मग तो डुकरामागें धांवत असतां गांव आणि वर्ग हंसत राहतो. त्या हंसणाऱ्यांत शालूहि आहे. शाळेंतून राष्ट्रगीताचे सूर येतात तेव्हां तें सारें कुटुंब जागच्या जागीं ताठ उभें राहतें आणि तेवढ्यांत डुकर निसटतें. पुढें पकडलेलें डुकर खांद्यावर घेऊन जातांना शाळेच्या भिंतीवर रंगविलेल्या थोर समाजसुधारकांच्या चित्रांसमोरून त्यांना जावें लागतें. इतके दिवस आम्ही भिंतीवर काय रंगविलें आणि भिंतीच्या आंत काय शिकविलें, हें या एका दृश्यानें विचारलें आहे. अखेरीस जब्या दगड उचलून भिरकावतो, आणि तो थेट प्रेक्षकाच्या दिशेनें येतो. हा शेवट कांहीं रसिकांस भडक वाटला. आम्हांस तो या विषयावरचें सर्वांत अचूक भाष्य वाटतो. कारण ज्याच्याकडे दगड आला तो, म्हणजे आपण, दोन घटका खुर्चींत बसून तेंच पाहत होता.

आतां कोणी म्हणेल, या सर्व गोष्टी जातीच्या झाल्या. साध्या चिडवाचिडवीशीं त्यांचा संबंध काय? संबंध असा कीं, यंत्र तेंच असतें, कच्चा माल मात्र पालटतो. जुन्नर तालुक्यांतील खोडद हें गांव आज जगाच्या नकाशावर आहे तें तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळें. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या नारायणगांव-खोडदच्या परिसरांत विखुरल्या आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनास, २८ फेब्रुवारीला, तेथें भरणाऱ्या प्रदर्शनाला जुन्नर-आंबेगांवांतून आणि दुरूनहि शाळा येतात, मुलें आपले प्रयोग मांडतात. अशाच एका वर्षीं एक खेड्यांतला मुलगा आपला प्रयोग समजावून सांगत होता. त्याच्या तोंडून स्वाभाविकच 'पानी' असें आलें. समोर एका शहरी शाळेचा घोळका उभा होता. त्यांतल्या दोघांनीं 'पानी, पानी' असा सूर धरला, आणि बरोबरचे शिक्षकहि मंद हंसले. मुलाचा आवाज खालीं गेला. तेवढ्यांत त्याच घोळक्यांतल्या एका मुलीनें पुढें होऊन त्याच्या प्रयोगाविषयीं एक सरळ प्रश्न विचारला. तो उत्तर देऊं लागला, आणि सूर आपोआप विरला.

त्या दोन टवाळांचा दोष आहेच. पण 'ण' आणि 'न' यांचा हा न्याय त्यांना कोणी शिकविला? आम्ही, भाषेच्या अध्यापकांनीं. शुद्ध भाषेचा आग्रह हा आमचा धंदाच आहे आणि तो आम्ही सोडणार नाहीं. परंतु शुद्धतेच्या नांवाखालीं वर्गास हंसण्याचा परवाना मिळतो, हें आम्हीं पाहिलेलें आहे. खेड्यांतून पुण्यास आलेलीं किती तरी हुशार मुलें महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांत तोंडच उघडीत नाहींत, तीं मठ्ठ असतात म्हणून नव्हे.

कायद्यांची आमच्याकडे वाण नाहीं. महाराष्ट्रानें रॅगिंगविरुद्ध १९९९ सालींच कायदा केला. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याच्या सतराव्या कलमानें मुलांस शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली. हे कायदे हवेतच. पण कायदा करणाऱ्याला पकडतो, आणि तेंहि तक्रार झाल्यावर. आणि तक्रार म्हणजे चहाडी, हें तर आम्हीं मुलांस आधींच पढविलेलें असतें. फिनलंडमध्यें तुर्कू विद्यापीठांतील क्रिस्टिना सालमिवाल्ली आणि त्यांचे सहकारी यांनीं 'किवा' या नांवाची जी योजना आंखली तिचा रोख मुख्यतः पाहणाऱ्यांवर आहे: हंसून साथ देणारे, गप्प राहणारे आणि मधें पडणारे असे वर्गाचे भाग ओळखावयाचे आणि गप्प राहणाऱ्यांस मधें पडण्याची संवय लावावयाची. अर्नोल्डनें टॉमच्या बाबतींत जें केलें तेंच हें, फक्त शंभर-दीडशें वर्षांनीं शास्त्राच्या कसोटीवर घांसून घेतलेलें.

आमच्या पाठ्यपुस्तकांत बाबासाहेबांचें बालपण येतें, 'श्यामची आई'हि येते. धड्याखालचे प्रश्न ठरलेले असतात: भीमरावाचे कोणते गुण तुम्हांस आवडले? श्यामची भीति कशी गेली? पुढील आवृत्तींत एक प्रश्न जोडावा अशी आमची संपादक मंडळास सूचना आहे: त्या दिवशीं साताऱ्याच्या त्या वर्गांत आणखी कोण कोण बसलें होतें, आणि त्यांपैकीं एकानें उठून नळ उघडला असता तर काय झालें असतें? उत्तरासाठीं निदान पानभर जागा सोडावी. आणि शिक्षकांनीं त्याचे गुण देऊं नयेत. मुलांनीं लिहिलेलें फक्त वाचावें.