वसई किल्ल्यातील सेंट जोसेफ चर्च : नाव, सन आणि वास्तू

पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील पोर्तुगीजकालीन चर्चवास्तूंचा विचार मराठीत बहुधा १७३९ या एकाच सालाच्या अनुरोधाने झालेला आहे. तारापूर म्हटले की त्या वर्षीच्या जानेवारीतील वेढा आणि त्यात बाजी भिवरावांना आलेले वीरमरण आठवते. वसई म्हटले की मे महिन्यातील चिमाजी आप्पांचा विजय. या घटनांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, तेव्हापासून दोन शतके जी धर्मजीवनाची केंद्रे होती, त्या वास्तूंना केवळ रणभूमीची पार्श्वभूमी मानले की त्यांचा स्वतंत्र इतिहास लोपतो. वसई किल्ल्यातील सेंट जोसेफ चर्च हे याचे ठळक उदाहरण होय.

पहिला प्रश्न नावाचा. इंग्रजी ग्रंथांच्या अनुकरणाने या वास्तूस सर्रास ‘कॅथीड्रल’ म्हटले जाते. कॅथीड्रल म्हणजे बिशपांचे पीठ असलेले चर्च. आणि पोर्तुगीज अमदानीत वसईस बिशप कधीच नव्हता. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ साली, मुंबईच्या धर्मप्रांतातून वेगळा होऊन, अस्तित्वात आला. चर्चच्या शिलालेखात योजलेला शब्द ‘मात्रीझ’ असा आहे. त्याचा अर्थ मातृचर्च, म्हणजे नगरातील प्रमुख चर्च. हा भेद केवळ शाब्दिक नाही. धर्मव्यवस्थेच्या दृष्टीने वसई गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधीन होती, ही वस्तुस्थिती चुकीच्या नावामुळे झाकली जाते.

दुसरा प्रश्न सनाचा. उपर्युक्त शिलालेख १६०१ सालचा असून त्यात आर्चबिशप आलेशु द मेनेझिश व व्हिकार पेद्रो गालाव पेरेरा यांचा उल्लेख आहे. जेर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली चौल व वसई यांच्या पुरातत्त्वावरील आपल्या ग्रंथात त्याचे वाचन दिले. पुढे अनेकांनी १६०१ हेच चर्चच्या बांधणीचे वर्ष धरले. परंतु लेखातील क्रियापद ‘रेफोर्मोउ’, अर्थात ‘नूतन केले’, असे आहे. जे नूतन झाले ते पूर्वी उभे असलेच पाहिजे. पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याने वसईत सेंट जोसेफच्या नावे चर्च उभारण्याची आज्ञा १५४६ मध्येच दिली होती. अर्थात आज्ञा म्हणजे बांधकाम नव्हे. तथापि आज्ञा आणि नूतनीकरण यांमधील अर्धशतकाची वास्तू एका क्रियापदाच्या सैल अनुवादाने इतिहासातून बाद व्हावी, हे योग्य नव्हे. शिवाय मेनेझिश यांनी १५९९ मध्ये केरळात उदयंपेरूर येथे धर्मपरिषद भरविली होती. वसईचे नूतनीकरण त्यानंतर दोनच वर्षांनी झाले. दोहोंत कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. परंतु दोन्ही घटना एकाच आर्चबिशपांच्या कारकिर्दीतील आहेत, हे ध्यानात घेऊनच हा लेख वाचावयास हवा.

तिसरा प्रश्न प्रत्यक्ष वास्तूचा. दर्शनी भागी उंच चौकोनी मनोरा, त्याच्या तळातून प्रवेश आणि पुढे लांबट सभागृह अशी तिची रचना आहे. सभागृह आज उघडे आहे. मनोरा उभा आहे. सर्व नाश एका युद्धाच्या माथी मारण्यापूर्वी छपराचे लाकूड, कोकणचा पाऊस आणि उपासना थांबल्यावर खंडित झालेली देखभाल यांचा हिशेब मांडणे आवश्यक आहे. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेस धर्मपालनाची मुभा होती, हेही विसरता कामा नये.

वसईहून नेलेल्या मानल्या जाणाऱ्या घंटांविषयी असाच सावधपणा हवा. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील घंटेवर १७२१ हा सन आहे. तो घंटेच्या ओतकामाचा पुरावा होय. ती कोणत्या चर्चवर टांगलेली होती हे तेवढ्याने ठरत नाही. विजयचिन्ह म्हणून तिचे मोल वेगळे आणि वास्तुशास्त्रीय पुरावा म्हणून वेगळे.

या सर्वांचे तात्पर्य तारापूरसारख्या ठिकाणी अधिक जाणवते. तेथेही डोमिनिकन पंथीयांचा मठ होता. परंतु वसईच्या मनोऱ्यासारखी बोलकी खूण तेथे नजरेत भरत नाही. जेथे वास्तू अबोल आहे तेथे पोर्तुगीज कागद आणि पेशवे दप्तर ही दोन्ही साधने एकत्र वाचल्यावाचून गत्यंतर नाही. आजवर विजयाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पहिली आणि धर्मप्रसाराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी दुसरी साधने बहुधा दूर ठेवली. परिणामी उभय पक्षांच्या लेखनात या किनाऱ्यावरील ख्रिस्ती मराठी समाज, ज्याच्या पिढ्यांनी या चर्चमधून नामकरणे, विवाह आणि अंत्यविधी केले, तो जवळजवळ अदृश्य राहिला. सनाची आणि नावाची शुद्धी ही म्हणूनच क्षुल्लक बाब नाही. त्या समाजाचा इतिहास त्याला परत मिळवून देण्याची ती पहिली पायरी आहे.